विशेषणांची पंगत

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील मराठी मूल घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांच्या सहवासात वाढते. इंग्रजीतील काळ, वचन, प्रयोग यांचे धडे त्याला मिळतात. परंतु एका नामापूर्वी तीन विशेषणे आली, तर त्यांचा क्रम कोणता, हे क्वचितच कोणी सांगते. उत्तरपत्रिकेवर तांबडी रेघ उमटते. तिचे कारण मात्र कळत नाही.

आपल्या बिदरी कामाचेच उदाहरण घेऊ. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार जडवून ही काळी भांडी घडवितात. 'धातूची लहान काळी फुलदाणी' म्हणा, की 'लहान काळी धातूची फुलदाणी' म्हणा, मराठीला दोन्ही मान्य. भर तेवढा बदलतो. इंग्रजीत मात्र 'स्मॉल ब्लॅक मेटल व्हाज' हाच क्रम रूढ. पहिल्या मराठी वाक्प्रयोगाचे शब्दशः 'मेटल स्मॉल ब्लॅक व्हाज' केले, की ते खटकते.

पंगतीत बसण्याचा क्रम ठरलेला असावा, तसा हा प्रकार आहे. संख्या आधी, मग बोलणाऱ्याचे मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळस्थान, द्रव्य आणि शेवटी उपयोग. वय व आकार यांच्या क्रमाविषयी व्याकरणग्रंथांत एकमत नाही, आणि 'बिग बॅड वुल्फ'सारखे अपवादही आहेत. तथापि सूत्र सोपे आहे: जो गुण वस्तूच्या अंगभूत, तो नामाच्या निकट; जे केवळ आपले मत, ते दूर. फुलदाणी सुंदर की नाही, याविषयी दोघांचे दुमत होईल; ती धातूची आहे, याविषयी होणार नाही.

हा प्रश्न इंग्रज बालकालाही पडतो. विख्यात लेखक टॉल्किन यांनी साताव्या वर्षाच्या सुमारास एका गोष्टीत 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' असे लिहिले. 'ग्रेट ग्रीन' म्हणावे, असे आईने सांगितले. असे का, हे कोडे आपल्याला अजून सुटलेले नाही, असे त्यांनी 1955 साली एका पत्रात नमूद केले.

आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. मराठीत मोठा वाडा, मोठी गाय, मोठे झाड असे विशेषण नामाप्रमाणे बदलते. कन्नडात 'दोड्ड मने', 'दोड्ड मर' असे ते अविकारी राहते, इंग्रजीतही तसेच. म्हणजे अर्धा धडा त्यांनी बाजारातच गिरविलेला असतो. उरलेला अर्धा घरी गिरविता येईल. जेवताना ताट, तांब्या, वाटी समोर असतेच. तिचे गुण मराठीत सांगावेत, मग इंग्रजी क्रमाने मांडावेत. मुलाने 'का?' विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. कारण उमगलेला नियम पाठांतराहून अधिक टिकतो, आणि त्या ओघात आपल्या मायबोलीची लवचिकताही त्याच्या ध्यानी येते.