मुंबई इलाख्यातील क्रिकेट (एकोणिसावे शतक)

मुंबई इलाख्यातील क्रिकेट (एकोणिसावे शतक) : मुंबई व पुणे या शहरांत ब्रिटिश अमदानीत रुजलेल्या क्रिकेटचा आरंभकाळ. खेळण्याचा अधिकार कोणाला, हा या काळातील खेळामागचा मुख्य प्रश्न होता व संस्मरणीय सामन्यांचे महत्त्वही त्यामुळेच आहे.

भारतीयांत हा खेळ प्रथम पारशी समाजाने आत्मसात केला. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ मध्ये मुंबईत निघाला. १८७७ मध्ये पारशी व मुंबई जिमखान्याचे युरोपियन यांच्यात पहिला सामना झाला. पुढे एस्प्लनेड मैदानावर युरोपियन पोलो खेळू लागले व घोड्यांच्या टापांनी भारतीयांच्या खेळपट्ट्या उखडू लागल्या. त्याविरुद्ध भारतीय क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केले. या लढ्याची हकिगत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

पारशी संघाने १८८६ मध्ये इंग्लंडचा दौरा केला. त्यातील २८ सामन्यांपैकी केवळ एक त्याने जिंकला. १८८८ च्या दौऱ्यात मात्र ३१ पैकी ८ सामने जिंकले. या दौऱ्यात मेहेल्लाशा पावरी या जलद गोलंदाजाने १७० बळी मिळविले. जानेवारी १८९० मध्ये जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ मुंबईस आला असता पारशांनी त्याचा ४ गडी राखून पराभव केला. इंग्लिश संघाचा दुसरा डाव ६१ धावांत संपला. त्यात पावरींनी ७ बळी घेतले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे या सामन्याने दाखवून दिले. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांच्यात इलाखा सामने सुरू झाले.

इंग्लंडमध्ये हौशी ‘सद्‌गृहस्थ’ व वेतन घेणारे ‘खेळाडू’ असे क्रिकेटपटूंचे दोन वर्ग मानले जात. अमेरिकेत १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाने सर्व खेळाडू उघडपणे वेतनावर ठेवले. पुण्यात मात्र पालवणकर बाळू (१८७६–१९५५) यांना वेतन मिळे, ते खेळाडू म्हणून नव्हे, तर मैदानावरील नोकर म्हणून. चर्मकार समाजातील हे मंदगती डावखुरे गोलंदाज प्रथम पारशी क्लबात दरमहा ३ रुपयांवर मैदान झाडणे व रूळ फिरविणे ही कामे करीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पुणे क्लबात ४ रुपयांवर लागले. तेथे जाळी बांधणे, खेळपट्टी तयार करणे यांबरोबरच सभासदांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करणे हेही त्यांचे काम असे. फलंदाजीची संधी मात्र त्यांना दिली जात नसे. जे. जी. ग्रेग हे नामवंत फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल त्यांना प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे.

त्यांना संघात घ्यावे की नाही, यावरून पुण्याच्या हिंदू क्लबात मतभेद झाले. अखेर युरोपियनांवर विजय मिळविण्याच्या इच्छेने विरोधावर मात केली व ते संघात आले. तथापि मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सहकाऱ्यांना चालत असला, तरी मध्यंतरात त्यांना बाहेर निराळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. पुण्यातील प्लेगनंतर ते मुंबईस गेले व १८९४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले.

या घडामोडींचे फळ विसाव्या शतकाच्या आरंभी दिसले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्यात बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये त्या पदावर आले व त्या वर्षी संघाने युरोपियनांवर विजय मिळविला.