वेबसाइट आपली, ताबा कोणाचा?

चंदीगडच्या सेक्टर 43 मध्ये आंतरराज्य बस स्थानक आहे आणि जिल्हा न्यायालयही. सुट्टीत शिमला-मनालीला निघालेली मराठी मंडळी हिमाचलची बस इथूनच पकडतात. अशा स्थानकाच्या आधाराने टॅक्सी आणि लॉज चालतात, तर न्यायालयाच्या आधाराने वकिली. या सगळ्यांना गिऱ्हाईक आधी मोबाइलवर शोधते, म्हणून वेबसाइट प्रत्येकालाच हवी असते. मात्र ती कशात बनवायची, याचे उत्तर एका सेक्टरमध्येसुद्धा एकच निघत नाही.

वकिलांचेच घ्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. 2008 मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वेबसाइटला परवानगी मिळाली, पण ठरावीक तपशिलापुरतीच: नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कोणत्या प्रकारची प्रकरणे हाताळता, एवढेच. हा मजकूर वर्षानुवर्षे बदलत नाही. तिथे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सीएमएस, बसवणे हा निव्वळ वाढीव खर्च आहे. साधे एक पान पुरते आणि त्याला देखभालही जवळपास लागत नाही.

टॅक्सीवाल्याचे तसे नाही. मे महिन्यातले मनालीचे भाडे पावसाळ्यात टिकत नाही आणि हिवाळ्यात बर्फामुळे रोहतांग बंद झाला की ती सहलच यादीतून काढावी लागते. जुना दर वेबसाइटवर राहिला तर भांडण गाडीच्या दाराशी होते. अशा धंद्याला सीएमएस हवीच. तिच्यात मजकूर एका बाजूला आणि मांडणी दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते. मालकाने लॉग-इन करून आकडा बदलला की काम झाले, कोडला हात लावावा लागत नाही. सरकारनेही हाच मार्ग धरला आहे. जिल्हा न्यायालयांच्या वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या सामाईक व्यवस्थेवर आणल्या गेल्या. सांगाडा एकच, प्रत्येक न्यायालय आपला मजकूर त्यात भरते.

मग कोणती सीएमएस? इथे बहुतेक जण थीमचे नमुने बघत बसतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: उद्या ही सेवा बंद पडली किंवा महाग झाली, तर आपल्या हातात काय उरेल?

हा प्रश्न हवेतला नाही. जानेवारी 2017 मध्ये सुंदर पिचाई दिल्लीत आले असताना गूगलने भारतातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी मोफत वेबसाइटची योजना जाहीर केली. फोनवर काही मिनिटांत पान तयार होई आणि पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ लागे. मार्च 2024 मध्ये गूगलने ही पाने बंद केली. त्या पत्त्यावर येणारा माणूस 10 जूनपर्यंत दुकानाच्या गूगल प्रोफाइलवर पाठवला जात होता, त्यानंतर तेही थांबले. व्हिजिटिंग कार्डावर, गाडीच्या काचेवर, बिलबुकावर छापलेला पत्ता निरुपयोगी झाला. ज्यांनी स्वतःचे डोमेन घेतले होते, त्यांना ते नव्या वेबसाइटकडे वळवता आले.

म्हणून माझा कल वर्डप्रेसकडे आहे. 2003 मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट चालवते. त्याचा डॅशबोर्ड मराठीतही मिळतो. त्यातून सगळा मजकूर एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो, होस्टिंग कंपनी पटली नाही तर दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येते. पण एक गल्लत टाळा: वर्डप्रेस डॉट कॉम ही एका कंपनीची होस्टिंग सेवा, तर वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारे सॉफ्टवेअर आपण हव्या त्या होस्टिंगवर बसवतो. आणि मोफत सॉफ्टवेअर म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. त्याच्या हजारो प्लगिनांमधूनच, म्हणजे वरून जोडायच्या सुविधांमधूनच, बहुतेक सुरक्षेच्या त्रुटी निघतात. पाच-सहा प्लगिनांवर भागवा, अपडेट वेळच्या वेळी करा आणि बॅकअप होस्टिंगच्या बाहेरही ठेवा. हे बघायला घरात कोणी नसेल, तर दरमहा त्यासाठी माणूस धरावा लागेल.

तोही मिळत नसेल तर विक्ससारखी तयार सेवा घ्या. अपडेटची डोकेदुखी तिथे कंपनीची. फक्त तिथली वेबसाइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे पत्करून घ्या. शाली-स्वेटर ऑनलाइन विकायचे असतील तर शॉपिफाय सोयीचे: मासिक शुल्क आहे, पण मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढून घेता येते. ड्रुपल ही सीएमएस दणकट आहे, तरी छोट्या दुकानाने त्याच्या वाटेला जाऊ नये. ड्रुपल 7 चा आधार 5 जानेवारी 2025 ला संपला आणि त्यावरच्या वेबसाइट नव्या आवृत्तीत नेणे म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणे होते.

काहीही निवडा, डोमेनची नोंदणी बनवणाऱ्याच्या नावावर होऊ देऊ नका. ती आपल्या नावावर, आपल्या ईमेलने आणि आपल्या मोबाइल क्रमांकाने व्हावी. नूतनीकरणाची सूचना आपल्यालाच यावी. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बनवणाऱ्याला समोर बसवून त्याच्या मदतीशिवाय आपल्या फोनवरून एक दर बदलून बघा, एक फोटो चढवून बघा आणि पूर्ण बॅकअपची फाइल आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.