परिपत्रक आणि गुरुजी

शिक्षणात सुधारणा करावयाची म्हटली की आपल्याकडे प्रथम आयोग बसतो, मग अहवाल येतो आणि शेवटी परिपत्रक निघते. शेजारच्या कर्नाटकात सुखदेव थोरात आयोगाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपला अहवाल राज्य सरकारला सादर केला. परंतु परिपत्रक वर्गाच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचते. आत काय घडावयाचे ते गुरुजींच्या हाती असते.

बिदर-कलबुर्गी या सीमाभागाने बदल पुष्कळ पाहिले आहेत. १९४८ पर्यंत तेथे निजामी अंमल आणि उर्दूचे वर्चस्व. १९५६ पासून म्हैसूर राज्य आणि कन्नड. गाव न सोडता तेथल्या शिक्षकाचे राज्य बदलले, राजभाषा बदलली. मात्र समोर गुरुजी आणि ओळीने बसलेली मुले, ही वर्गाची मांडणी बहुतांशी तशीच राहिली.

ती मोडण्याचा प्रयत्न ‘नली-कली’ने केला. ‘आनंदाने शिका’ असा या कन्नड नावाचा आशय. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या काही शिक्षकांनी आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहिल्या आणि परत येऊन आपल्या मुलांसाठी कार्डे तयार केली. मुले गटागटाने जमिनीवर बसू लागली. प्रत्येक मूल आपल्या गतीने पायरी चढू लागले. आणि गुरुजी खुर्ची सोडून त्यांच्यात येऊन बसले.

२००९-१० मध्ये सरकारने ही पद्धत राज्यभरच्या कन्नड प्राथमिक शाळांतील पहिली-दुसरीला लागू केली. खरी कसोटी येथेच होती. मूळच्या शिक्षकांनी जे स्वतः पाहून, मनाला पटवून घेऊन केले, ते बिदरच्या शिक्षकाकडे हुकूम म्हणून आले. भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत घरी मराठी, दखनी वा लमाणी बोलणारी मुले आहेत. त्यांना छापील कार्ड पुरत नाही. त्यांची बोली ऐकणारा कान लागतो, आणि तो परिपत्रकाबरोबर येत नाही.

गोव्यानेही यातून बोध घ्यावा, असे आम्हांस वाटते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाची अंमलबजावणी आपल्याकडेही चालू आहे. शिक्षकाला चार दिवस प्रशिक्षणास बोलावून पुढे केवळ तक्ते भरावयास लावू नये. शेजारच्या शाळेतला चांगला वर्ग पाहण्यास त्याला सवड द्यावी, चुकण्याची मुभा द्यावी, वरचेवर जाऊन त्याच्या अडचणी विचाराव्यात. गुरुजी खुर्चीवरून उठतात ते हुकमाने नव्हे. कालपर्यंत गप्प बसणारे मूल बोलते झालेले पाहिले म्हणजे.