परसांतील निर्विष साप व त्यांची ओळख

पावसाळा लागला म्हणजे बिळांत पाणी शिरतें आणि परसांत साप दिसूं लागतात. साप दिसतांच दोघेतिघे काठ्या घेऊन धांवतात. तो कोणत्या जातीचा होता, याची चौकशी तो मेल्यावर होते. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें प्रत्यक्ष पाहणीवांचून नोंद करूं नये असा दंडक असे. सापाच्या बाबतींत मात्र पाहणी न करितांच आपण निकाल लावून मोकळे होतों. या घाईनें शेतकऱ्याचें नुकसान कसें होतें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे दंश मुख्यत्वें चार जातींचे: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. परसांत नेहमीं दिसणारे इतर बहुतेक साप निर्विष असतात.

त्यांत पहिला मान धामणीचा. ही ५ ते ७ फूट लांब, चपळ, मोठ्या डोळ्यांची असते. ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात आणि फणा मुळींच नसतो. ती नागाची मादी आहे, गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, या समजुती सर्वस्वी खोट्या आहेत. सापाचे दांत आंत वळलेले व अणकुचीदार असतात. ते आंचळास लागल्यावर कोणती गाय स्वस्थ उभी राहील? धामणीचें खरें भक्ष्य उंदीर. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या परसांतील धामण गड्यांनीं मारली व आम्हीं ती मारूं दिली, हें कबूल केलें पाहिजे. त्याच सालीं उंदीर-घुशींनीं रताळ्यांचे वाफे उकरले आणि कणगीच्या बुडाशीं भोंक पडलें. सर्व दोष एका धामणीच्या अभावावर ठेवतां येणार नाहीं; पण घरचा पहारेकरी आपणच मारिला, हें खरें.

विहिरीच्या थारोळ्याजवळ किंवा पाटाच्या कांठीं दिसणारी दिवड अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके बाळगते. डोळ्याखालीं व मागें दोन तिरप्या काळ्या रेघा असतात. डिवचल्यास ती मान चपटी करून डोकें उचलते, म्हणून तिला नाग समजून मारतात. ती चटकन चावते व रक्तही येतें, परंतु विषबाधा होत नाहीं. बेडूक व मासे हें तिचें अन्न.

कुंडींतील ओल्या मातींत गांडुळासारखा दिसणारा लहानसा वाळा सांपडतो. गांडुळाच्या अंगावर वळीं असतात, याचें अंग गुळगुळीत व चकचकीत असतें. मुंग्या व वाळवी यांचीं अंडीं व अळ्या तो खातो. त्यास मातींतच राहूं द्यावें.

आतां खऱ्या अडचणीच्या जोड्या पाहूं. कवड्या हा रात्रीं भिंतींवर पाली शोधीत फिरणारा, दीड-दोन फुटांचा तपकिरी साप. त्याचे पांढुरके पट्टे मानेपाशींच सुरू होतात, तेथें ठळक असतात आणि शेंपटीकडे पुसट होत जातात. मण्यार ही काळी व तुकतुकीत. तिचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनें असून ते मानेपासून कांहीं अंतर सोडून सुरू होतात व शेंपटीपर्यंत जातात. डुरक्या घोणस हा निर्विष साप आंखूड व जाड. त्याचे डाग वेडेवांकडे व एकमेकांत मिसळलेले असतात. खऱ्या विषारी घोणशीचें डोकें त्रिकोणी, मान निराळी दिसणारी आणि पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन सांखळ्या. ती लोहाराच्या भात्यासारखी फुत्कारते.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. या खुणा दुरून पाहून सापास जीवदान देण्यासाठीं आहेत. दंश झाल्यावर ‘हा कवड्याच होता’ असें म्हणून स्वस्थ बसण्यासाठीं नव्हेत. मण्यारीच्या पिलाचे पट्टे पुढेंही दिसतात आणि अंधारांत जाणताही फसतो. तिच्या दंशाची खूण पुष्कळदां दिसत नाहीं, वेदनाही फारशा होत नाहींत. कांहीं तासांनीं पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें आणि शेवटीं श्वास बंद पडतो. म्हणून संशय असल्यास तो विषारी समजूनच चालावें. दंशाची जागा कापूं नये, चोखूं नये, दोरी आवळूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. चावलेला अवयव न हालवितां रोग्यास ताबडतोब सरकारी दवाखान्यांत न्यावें. तेथील प्रतिविष वर सांगितलेल्या चारही जातींच्या विषावर चालतें.

साप घरांत शिरल्यास मुलेंमाणसें दूर करून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें. स्वतः पकडूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें सापांस संरक्षण आहे, हेंही विसरूं नये. सरपण व विटांचे ढीग घरापासून दूर रचावे, धान्य उंदरांपासून जपावें, रात्रीं उजेडावांचून परसांत जाऊं नये आणि जमिनीवर न निजतां बाजेवर निजावें.

शेतकरी बंधूंनीं काठी उचलण्यापूर्वीं चार पावलें मागें सरून क्षणभर निरखून पाहावें. तेवढ्या पाहणीनें आपला जीवही वांचेल आणि कणगीचा राखणदारही.