पोलादी सांगाड्याचे तपशील-रेखन व त्यासाठीच्या संगणक आज्ञावली : किनारपट्टीच्या संदर्भात एक प्राथमिक परिचय

प्रस्तावना

दि. २६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. दि. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, अनावरण झालेला हा सुमारे ३५ फूट उंचीचा पुतळा नऊ महिनेही उभा राहिला नाही. पुतळ्याचे नट-बोल्ट खाऱ्या वाऱ्याने व पावसाने गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने सहाच दिवस आधी, दि. २० ऑगस्टच्या पत्राने कळविले होते, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. पुढे चौकशी समितीच्या अहवालात गंज, सदोष वेल्डिंग आणि दुर्बल सांगाडा यांचा उल्लेख असल्याच्या बातम्याही आल्या. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. तो प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु नट-बोल्ट, वेल्ड, सांगाडा हे जे शब्द त्या काळात जिल्ह्यातील प्रत्येकाच्या तोंडी होते, ते सर्व ज्या एका शाखेत एकत्र येतात ती शाखा, म्हणजे पोलादी संरचनेचे तपशील-रेखन, कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांतील आपणा अध्यापकांना जवळजवळ अपरिचित आहे. व्यवहारात तिला ‘स्टील डिटेलिंग’ म्हणतात.

या परिचयाची गरज आणखी एका कारणाने आहे. आपल्याकडून पदवी घेऊन बाहेर पडणारी मुले पुण्या-मुंबईत दोन-तीन महिन्यांचे वर्ग करून या व्यवसायात शिरतात आणि जाण्यापूर्वी “सर, कोणते सॉफ्टवेअर शिकू?” असे विचारतात. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे, अभियंता नाही. तरीही या प्रश्नाला काहीएक जबाबदार उत्तर देता यावे, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

तपशील-रेखन म्हणजे काय?

संरचना अभियंता तुळई किती जाड हवी, स्तंभावर किती भार येईल हे ठरवितो. त्याच्या आराखड्यात तुळई म्हणजे बहुधा एक रेघ असते. ती रेघ कारखान्यात कापता येईल अशा लोखंडात उतरविण्याचे काम तपशील-रेखक करतो. तुकड्याची नेमकी लांबी, भोकांच्या जागा, वेल्डची जाडी, प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, बोल्टांची यादी हे सर्व तो देतो. त्याची रेखाटने मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक कारखान्यातील फिटरसाठी असते, त्यास ‘शॉप ड्रॉइंग’ म्हणतात. दुसरे जागेवर उभारणी करणाऱ्यांसाठी.

रेघेचे लोखंड करताना काय होते याचे एक साधे उदाहरण पाहू. दोन स्तंभांच्या मध्यरेषांमधील अंतर ६००० मि.मी. आहे आणि तुळईच्या दिशेने प्रत्येक स्तंभाची खोली ३०० मि.मी. आहे. दोन्ही बाजूंचे निम्मे स्तंभ, म्हणजे १५० अधिक १५०, वजा केल्यास स्तंभांच्या तोंडांमधील मोकळे अंतर ५७०० उरते. नवशिका रेखक तुळई ५७०० मि.मी. लांबीची काढतो. कागदावर ती अचूक बसते, पण जागेवर बसत नाही. कारण स्तंभ कधी दोन मिलिमीटर कलता असतो, कापलेले टोक पूर्ण काटकोनात नसते, आणि तुळई क्रेनने वरून तिरपी आत घ्यावी लागते. म्हणून कोनपट्ट्यांच्या सांध्यात दोन्ही टोकांस साधारण १० मि.मी. मोकळीक ठेवून ती ५६८० काढावी लागते. हे वीस मिलिमीटर कोणतीही आज्ञावली आपणहून विद्यार्थ्याला समजावून सांगत नाही.

सांध्यातील लहानसा बदल किती महाग पडू शकतो, याचे जगभर शिकविले जाणारे उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलचे आहे. तेथे दि. १७ जुलै १९८१ रोजी दोन झुलते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच लांब सळई वरच्या मार्गाच्या तुळईतून जाऊन खालच्या मार्गापर्यंत पोहोचत होती. कारखान्याच्या सोयीसाठी एका सळईच्या दोन केल्या गेल्या. वरची छताला आणि खालची वरच्या मार्गाच्या तुळईला टांगली गेली. एकूण भार तोच राहिला. मात्र विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला दोन माणसांनी आपापल्या हातांनी धरणे वेगळे, आणि दुसऱ्याने दोर सोडून पहिल्याच्या कमरेला लोंबकळणे वेगळे. दोराला फरक पडत नाही, पहिल्याच्या हातांवर दुप्पट भार येतो. वरच्या तुळईखालील नटाचे असेच झाले. मूळ सांधाही नियमानुसार पुरेसा नव्हता, हे चौकशीत पुढे आले. बदलाने तो अधिकच अपुरा झाला. अभियंत्याच्या लेखी संमतीविना सांधा बदलू नये, हा नवशिक्यासाठीचा पहिला नियम येथून येतो.

आज्ञावलींविषयी

ऑटोकॅड ही आज्ञावली १९८२ पासून आहे आणि आजही लहान कार्यालयांत तिच्यावरच काम चालते. ती मुळात रेखाटनाची पाटी आहे; रेघ म्हणजे तुळई, हे तिला ठाऊक नसते. ती शिकताना तीन सवयी प्रथमपासून लावून घ्याव्यात. रेखाटन नेहमी प्रत्यक्ष मापात, मिलिमीटरमध्ये करावे आणि प्रमाण छपाईच्या पानावर ठरवावे. मध्यरेषा, लपलेल्या कडा, बोल्ट व मापे वेगवेगळ्या थरांवर ठेवावीत. तिसरी सवय सर्वांत महत्त्वाची आहे. मापाचा आकडा हाताने बदलून लिहू नये. घाईच्या वेळी रेघ ५७०० चीच ठेवून तिच्यावर ५६८० असे टंकित करण्याचा मोह होतो. पुढे दुसरा कोणी त्याच रेघेवरून माप घेतो आणि तुकडा चुकीचा कापला जातो. मूळ रेघच दुरुस्त करावी.

टेकला स्ट्रक्चर्स, अॅडव्हान्स स्टील, एसडीएस-२ या आज्ञावली निराळ्या जातीच्या आहेत. फिनलंडमध्ये जन्मलेली टेकला पूर्वी ‘एक्सस्टील’ या नावाने ओळखली जाई. त्यांत प्रथम अक्षांची जाळी आखावी लागते, मग स्तंभ व तुळया उभ्या करावयाच्या, मग सांधे बसवावयाचे, मग दोन तुकडे एकमेकांत घुसत नाहीत ना हे तपासावयाचे. त्यानंतर क्रमांकन आणि सर्वांत शेवटी रेखाटने. सर्वस्वी सारख्या तुकड्यांना आज्ञावली एकच क्रमांक देते. दोन तुकड्यांत एका भोकाचा फरक पडला तर क्रमांक वेगळा होतो. त्यामुळे क्रमांकांची यादी अनपेक्षित लांबली, तर कोठेतरी चूक आहे असे समजावे. यांतील काहींच्या शैक्षणिक आवृत्त्या विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतात. महागड्या वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी त्या जरूर पाहाव्यात.

आपल्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे ती ‘ओस्डॅग’. आयआयटी मुंबईत, मुक्त आज्ञावलींच्या ‘फॉसी’ प्रकल्पांतर्गत ती विकसित झाली असून ती पूर्णतः विनामूल्य आहे. तिच्यातील गणित भारतीय मानक आयएस ८००:२००७ नुसार चालते. तुळई, स्तंभ व बोल्ट निवडल्यावर ती सांधा पुरेसा आहे की नाही हे सांगते, त्याचे त्रिमितीय चित्र दाखविते आणि गणनेचा अहवाल कलमवार देते. शिकणाऱ्याला सर्वाधिक उपयोग या अहवालाचा आहे, कारण ‘का’ या प्रश्नाचे उत्तर त्यात असते. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रारंभ ओस्डॅग व ऑटोकॅडपासून करावा आणि टेकलाकडे नंतर वळावे.

काही आकडे मात्र आज्ञावलीविना पाठ हवेत. १ मि.मी. जाडीच्या १ चौ.मी. पत्र्याचे वजन ७.८५ किलो भरते. म्हणजे ३०० बाय २०० मि.मी. आकाराची १० मि.मी. जाड प्लेट सुमारे ४.७ किलोची होईल; यादीत ती ४७ किलो दिसली तर शून्याचा घोटाळा झाला आहे. एम-२० बोल्टास २२ मि.मी. चे भोक लागते. दोन बोल्टांतील किमान अंतर बोल्टाच्या व्यासाच्या अडीचपट, म्हणजे ५० मि.मी. असते. कड यंत्राने कापलेली असल्यास भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान भोकाच्या दीडपट, म्हणजे ३३ मि.मी. ठेवावे. ही किमान अंतरे झाली. बोल्ट घट्ट करण्यास पाना फिरेल एवढी जागा आहे का, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

खाऱ्या हवेचे गणित

येथपर्यंतचे नियम नागपूरलाही तेच आहेत. मालवणात त्यांत भर पडते. समुद्राच्या फवाऱ्यातील क्लोराइड पोलादावरील संरक्षक थर भेदते, आणि ओलावा जेथे साठतो तेथे गंज सर्वाधिक वेगाने वाढतो. म्हणून ओलावा साठेल अशी जागा रेखाटनातच निर्माण होऊ न देणे, हा येथील तपशील-रेखनाचा गाभा आहे. पावसाळ्यासाठी घरांपुढे उभारलेल्या पत्र्याच्या शेड पाहिल्या तर हे सहज कळते. त्यांच्या कैच्यांत दोन कोनपट्ट्या पाठीला पाठ लावून जोडलेल्या असतात. मधल्या चिंचोळ्या फटीत रंगाचा ब्रश जात नाही, आणि गंज तेथूनच सुरू होतो. तुटक वेल्डच्या मोकळ्या भागांतही तेच घडते. किनाऱ्यावर सलग वेल्ड मागावा. वर तोंड करून ठेवलेल्या चॅनेलमध्ये पाणी साचते. त्यास उलटे बसवावे किंवा निचऱ्याचे भोक द्यावे. पोकळ नळीची टोके पूर्ण बंद करावीत. जस्तलेप द्यावयाचा असेल, तर वितळलेले जस्त आत-बाहेर जाण्यास व कोंडलेली हवा निघण्यास छिद्रे रेखाटनातच दाखवावीत. बंद नळी तापलेल्या जस्तात बुडविल्यास ती फुटण्याचा धोका असतो.

आयएस ८०० मध्ये याच विचाराची एक सहज नजरेतून सुटणारी तरतूद आहे. गंजकारक वातावरणात बोल्टापासून कडेपर्यंतचे कमाल अंतर, ४० मि.मी. अधिक पातळ प्लेटच्या जाडीच्या चौपट, याहून जास्त नसावे. ८ मि.मी. ची प्लेट असल्यास ते ७२ मि.मी. येते. कड बोल्टापासून फार दूर गेली की दोन प्लेटा तेथे किंचित उघडतात आणि खारे पाणी आत शिरते. कमी अंतर धोक्याचे हे सर्वांना पटते; जास्त अंतरही धोक्याचे, हे समजून घ्यावे लागते.

दोन भिन्न धातूंचा संबंध हा भौतिक-रसायनाचा विषय आहे, आणि आपल्या विज्ञान विभागांना तो वर्गात सहज घेता येईल. ब्राँझ किंवा तांबे आणि साधे पोलाद खाऱ्या ओलाव्यात एकमेकांस टेकले की विद्युत-घट तयार होतो व त्यात पोलाद झिजते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात हेच घडले. १८८६ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुतळ्याचे तांब्याचे कवच लोखंडी पट्ट्यांनी पेललेले होते. दोहोंमधील रोधक थर निकामी झाला आणि पट्ट्या गंजून फुगल्या. १९८० च्या दशकातील दुरुस्तीत त्या काढून ३१६-एल प्रतीच्या स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या बसविल्या गेल्या व मध्ये टेफ्लॉनचा थर दिला गेला. या प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ती क्लोराइडपुढे स्वयंपाकघरातील ३०४ प्रतीपेक्षा अधिक टिकते. राजकोटावर दि. ११ मे २०२५ रोजी अनावरण झालेल्या नव्या, अधिक उंच पुतळ्याच्या सांगाड्यासाठीही स्टेनलेस पोलाद वापरल्याचे सांगण्यात आले.

मात्र ‘स्टेनलेस’ एवढा शब्द रेखाटनावर लिहून भागत नाही. मुख्य सांगाडा ३१६ चा आणि बोल्ट बाजारात मिळतील ते, असे होऊ द्यावयाचे नसेल, तर बोल्ट, नट, वायसर आणि वेल्डची सळई या प्रत्येकाची प्रत यादीत स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. आज्ञावलीत त्यासाठी एक रकाना असतो. तो रिकामा राहिला तरी रेखाटन छापून निघते आणि कारखान्यात जाते.