दहिवडीत राहावे की पुढे जावे?

बारावीचा निकाल लागला की माण तालुक्यातील घराघरांतून जी चर्चा सुरू होते, तिच्यात मुलाच्या गुणांपेक्षा घरच्या जमाखर्चाचा आवाज मोठा असतो. आणि ज्या मुलखाची ज्वारी परतीच्या पावसाच्या लहरीवर ठरते, त्या मुलखात जून महिन्यात मांडलेला कोणताही जमाखर्च हा अर्धा अंदाज आणि अर्धी आशाच असावयाची. दहिवडीच्या महाविद्यालयात नाव घालावे आणि घरून जाऊन-येऊन शिकावे, की साताऱ्यास, कोल्हापुरास किंवा थेट पुण्यास धाडावे, हा प्रश्न या भागात तीन पिढ्या चर्चिला जात आहे. त्याचे उत्तर मात्र बहुधा विचाराने न निघता कोणा नातलगाच्या मुलाने काय केले यावरून निघते, ही खेदाची गोष्ट आहे.

हा प्रश्न केवळ माणदेशाचा नव्हे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे एक महाविद्यालय निघाले आणि तेथून पुढे ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने त्या पद्धतीचा देशभर विस्तार झाला. घरी राहावे, अल्प शुल्कात पहिली दोन वर्षे पुरी करावी आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षास दाखल व्हावे, अशी ती योजना. योजना सुबक खरी, पण पुढे जाण्याचा निश्चय करून आत आलेल्यांपैकी पुष्कळ जण प्रत्यक्षात पुढे जात नाहीत, असा तिकडचा अनुभव आहे. कारण शिकलेले सगळेच विषय दुसरीकडे मान्य होत नाहीत, आणि मधल्या काळात नोकरी व संसार यांनी पाय धरलेले असतात.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३ च्या सुमारास या धर्तीची योजना काढली होती. परंतु आपल्याकडील व्यवस्थेचा पाया मुळातच निराळा असल्यामुळे सामान्य पालकाच्या बोलण्यात ती कधी आली नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरास स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये आली, आणि संलग्नतेच्या या रीतीमुळे दहिवडी, आटपाडी किंवा विटा येथे बी. ए. झालेल्या मुलाच्या हाती पडणारे पदवीपत्र त्याच विद्यापीठाचे, त्याच मोहरेचे ठरले. अमेरिकेतील लहान महाविद्यालय अर्धी वाट देते, आपले लहान महाविद्यालय संपूर्ण पदवी देते, हा भेद पालकांनी प्रथम ध्यानात घ्यावा. अलीकडे मोठ्या महाविद्यालयांस स्वायत्तता मिळू लागली आणि साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ साली उभे राहिले, त्यामुळे ही एकरूपता पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरी बहुसंख्य विद्यार्थ्यांपुरता तो नियम अजून खराच आहे.

मग पदवी तीच असता घर सोडून जावयाचे कशासाठी? याचे प्रामाणिक उत्तर असे की, जवळच्या महाविद्यालयात विषयांची निवड मोजकी असते. एखाद्या मुलीस संख्याशास्त्र किंवा भूशास्त्र हा मुख्य विषय घ्यावयाचा असेल आणि तो येथे नसेल, तर ती आपल्या आवडीऐवजी उपलब्धतेचा अभ्यास करते. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांचा फरक असतो तो असतोच. परंतु त्याहून मोठा फरक संगतीचा. भोवतालची दहा मुले जेथे पुढील परीक्षांविषयी बोलत असतात, तेथे अकरावे मूल न सांगता त्या वाटेला लागते.

या लाभाची किंमत मात्र काटेकोर मोजून घ्यावी. पुण्यास गेलेल्या मुलाला प्रथम ‘कॉट बेसिस’वर जागा पाहावी लागते, म्हणजे एका खोलीत चार-पाच लोखंडी खाटा, त्यांपैकी एक आपली आणि तिच्याखाली सारा संसार, त्यावर डिपॉझिट, मेसचा डबा, आणि दर सणाला गावी येण्याजाण्याचे भाडे. महाविद्यालयाची फी यापुढे किरकोळ वाटावी, असा हा हिशेब असतो, आणि पालक नेमकी फीच तेवढी विचारून परत येतात. उलट बाजूस, गावाहून जाणाऱ्या मुलीची गोष्ट पाहा. पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी.चा पास तिला विनामूल्य मिळतो. म्हणजे जेथे प्रवास लांबतो आणि खर्च वाढतो, नेमक्या त्याच ठिकाणी ती सवलत संपते. पुढे विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास आहे, आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीटही आहे; परंतु ‘पैसे पडत नाहीत’ आणि ‘थोडे पडतात’ यांत कित्येक मुलींचे शिक्षण अडकलेले असते, हे शासनाच्या ध्यानात कधी तरी यावे.

सातारा जिल्ह्यात हा पेच सोडवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारा हा पुरुष स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता. पण ज्या मुलाच्या बापाजवळ दाम नाही त्याच्याजवळ दोन हात आहेत, हे त्याने ओळखले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. विद्यार्थ्यांनी शेतात राबावे, बांधकामावर दगडमाती वाहावी आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात राहावे, जेवावे, शिकावे. जवळ की दूर हा प्रश्न गरिबाच्या मुलापुरता पैशाचा न राहता केवळ इच्छेचा राहावा, असा त्यामागील हेतू. आजही ‘कमवा व शिका’ योजना अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत चालते, परंतु तासांच्या मोबदल्यातून वरखर्च निघाला तरी मोठ्या शहरातील राहणे-जेवणे निघत नाही. मूळ कल्पनेतील वसतिगृह गळाले आणि तास तेवढे उरले, असे माझे मत आहे.

शिक्षणावाचूनही माणसे मोठी होतात, हा दाखला माणदेशात फार सहज दिला जातो, कारण व्यंकटेश माडगूळकर हे नाव तोंडाशीच असते. बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत त्यांची शाळा सुटली, महाविद्यालयाची पायरी ते चढले नाहीत, आणि तरीही १९८३ साली आंबेजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण त्याच्या पुढच्याच वर्षी जळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले ते शंकरराव खरातही आटपाडीचेच. आटपाडीहून औंधास, औंधाहून पुण्यास अशी एकेक मजल मारीत ते वकील झाले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अस्पृश्यतेचे चटके सोसणाऱ्या घरातील मुलाला माडगूळकरांची वाट उपलब्धच नव्हती. प्रतिभेचा दाखला सर्वांना लागू करणाऱ्यांनी खरातांचा प्रवासही मुलांपुढे ठेवावा. शाळा संपताच सोन्याचांदीच्या गलाईसाठी परप्रांती जाणाऱ्या आटपाडी-खानापुरातील तरुणांची गोष्ट वेगळी. तो व्यवसाय आहे, त्यात वडीलधाऱ्यांचा आधार आहे, आणि तो पत्करणाऱ्यास कोणी अर्धशिक्षित म्हणून हिणवू नये.

अमेरिकेतील त्या दोन वर्षांच्या वाटेशी खरे साम्य कशाचे असेल, तर ते आपल्या तंत्रनिकेतनाचे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका. बारावी विज्ञान किंवा आय. टी. आय. झालेल्यास तिच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश. आणि पदविका पुरी झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या पुन्हा थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश. ही शिडी जुनी, मान्यताप्राप्त आणि मधल्या प्रत्येक पायरीवर नोकरी करण्याजोगी आहे. तरीसुद्धा ‘मुलगा हुशार आहे, डिप्लोमा कशाला?’ असे म्हणणारे पालक गावोगाव आहेत. आणि बारावीला गणितात घसरलेला तोच हुशार मुलगा पुढे कर्ज काढून कोठल्या तरी दूरच्या महाविद्यालयात दाखल झालेला दिसतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने या विषयात आणखी एक गुंता आणला आहे, पण तो उपकारक आहे. पदवीचे एक वर्ष पुरे केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी. मिळवलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहतात आणि दुसऱ्या महाविद्यालयात वळते करता येतात. म्हणजे तीन वर्षे दहिवडीस आणि चौथे कोल्हापुरास, असा मार्ग नियमाने तरी खुला झाला. चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विषयाला असेलच असे नाही. तेव्हा प्रवेश घेतानाच ‘येथून पुढे कोठे जाता येते?’ हे प्राचार्यांना विचारावे. माझ्या दृष्टीने जवळचे महाविद्यालय निवडण्याची हीच खरी कसोटी आहे: पुढचा दरवाजा उघडा असेल तर जवळचे घ्यावे, आणि मुलाने तेथे रोज हजर राहावे. दहिवडीस नाव घालून पुण्याच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके चाळीत बसण्याची जी रूढी पडली आहे, तीत दोन्हीकडचा खर्च पदरी पडतो आणि दोन्हीकडचे शिक्षण हुकते.

वैद्यकी, अभियांत्रिकी, कृषी यांसाठी मात्र बहुधा घर सोडावेच लागते, आणि तेथे मुलीच्या बाबतीत ‘जवळच बरी’ म्हणणाऱ्यांनी २०२४ चा शासननिर्णय वाचावा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातील मुलींचे, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते. मेस आणि खोली आपली. या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून निघतो. आणि राखीव जागेवरील प्रवेशास लागणारे जातवैधता प्रमाणपत्र जिल्ह्याच्या समितीकडून येते, त्यास महिने लागू शकतात. पणजोबाच्या शाळेच्या रजिस्टरातील उतारा शोधण्यातच कित्येकदा पावसाळा निघून जातो. म्हणून मूल अकरावीत असतानाच बापाने दहिवडीच्या कचेरीत एक खेप घालावी, आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.