प्रश्नकर्त्याचा वाटा

आधुनिक समाजाला वळण देणारे विचार ग्रंथांतून आले, असे मानण्याची सवय इतकी दृढ झाली आहे की त्यांपैकी कितीतरी विचार मुळात कुणीतरी अडवून विचारले आणि दुसऱ्याला उत्तर द्यावे लागले म्हणून आकाराला आले, याकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. ‘मुलाखत’ हा शब्द अरबीतून आला असून त्याचा मूळ अर्थ नुसता ‘भेट’ असा आहे. वृत्तपत्रांच्या काळात त्याला ‘मुद्दाम घेतलेली आणि छापण्यासाठी टिपलेली प्रश्नोत्तरे’ असा अर्थ चिकटला, आणि दिवाळी अंकांनी तर हा प्रकार वाचकांच्या घरोघरी नेला. तरीही विचारवंताच्या मुलाखतीकडे त्याच्या ग्रंथाची सोपी आवृत्ती म्हणून पाहिले जाते, आणि ही दृष्टी अन्यायाची आहे. कारण ग्रंथात लेखक आपल्या सोयीचा प्रश्न आपणच निवडतो, तर संभाषणात तो दुसऱ्याच्या हाती असतो.

मराठीत या प्रकाराचे आधुनिक मूळ शोधायचे तर जोतीराव फुले यांच्यापासून सुरुवात करावी लागते. ‘तृतीय रत्न’ (१८५५) हे त्यांचे नाटक दक्षिणा प्राईझ कमिटीने, म्हणजे देशी भाषांतील ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या सरकारी समितीने, स्वीकारले नाही. त्या नाटकात अडाणी कुणबी जोडप्याला नागवणारा जोशी बोलत असताना मधूनमधून विदूषक तोंड घालतो आणि प्रेक्षकाच्या मनात उठायला हवी ती शंका उच्चारतो. पुढे ‘गुलामगिरी’ (१८७३) या सोळा भागांच्या पुस्तकात धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवादच सगळा भार वाहतो. आरंभी बोलतो तो धोंडीबा: युरोपातील सरकारांनी माणसांना दास करण्याची चाल बंद केली, तर मग ब्रह्मदेवाच्या नावाने सांगितलेल्या नियमाचे काय झाले, अशी त्याची पृच्छा आहे. इतिहास, पुराण आणि समकालीन राज्यव्यवहार एकाच प्रश्नात आणून बसवण्याचे हे कौशल्य असामान्य म्हटले पाहिजे. दशावतारांच्या कथांमागे आक्रमणाचा व पराभवाचा इतिहास वाचणारी पुढची मांडणी आजच्या इतिहाससंशोधनाच्या कसोटीवर उतरते की नाही हा वेगळा विषय. महत्त्वाचे हे की गुरु-शिष्य संवादाचा जुना, श्रद्धेने ऐकण्याचा साचा फुल्यांनी उचलला आणि शिष्याला शंका घेण्याचा अधिकार देऊन तो आतून बदलला. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तही प्रश्नोत्तरांचीच पद्धत आहे.

ज्या १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर मोहनदास गांधी यांनी ‘हिंद स्वराज’ गुजरातीत लिहून काढले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. अधिपती, म्हणजे संपादक, आणि वाचक यांच्या संवादाचे हे वीस प्रकरणांचे पुस्तक असून त्यातला वाचक उतावळा, चिडलेला आणि शस्त्राशिवाय स्वराज्य मिळणार नाही असे मानणारा आहे. लंडनच्या मुक्कामात गांधींना असे तरुण प्रत्यक्ष भेटले होते आणि त्या वर्षीच्या दसऱ्याच्या समारंभात विनायक दामोदर सावरकर व ते एकाच व्यासपीठावर होते. पुढे गांधींनी सांगितले की पुस्तकातला युक्तिवाद त्यांचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांच्याशी झालेल्या बोलण्याचाच जवळजवळ जसाच्या तसा उतारा होता. म्हणजे कल्पित वाचकामागे खरा, हट्टाने वाद घालणारा मित्र होता. रेल्वे, वकील, डॉक्टर यांच्यावरची टोकाची वाटणारी टीका वाचकाच्या प्रत्येक ‘पण’मुळे अधिकाधिक स्पष्ट करावी लागते आणि पुस्तकाची धार तिथेच आहे. मुंबई सरकारने १९१० मध्ये ते जप्त केले.

मात्र धोंडीबा असो की गांधींचा वाचक, दोघांचीही उत्तरे अखेर लेखकाच्याच हातात होती. दोन समर्थ माणसे एकमेकांना खरोखर अडवतात तेव्हा काय घडते, याचे सर्वांत अस्सल भारतीय उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गांधी यांचा संवाद. मुंबईत मणिभवनात १४ ऑगस्ट १९३१ रोजी दोघांची भेट झाली, तेव्हा आपल्याला मायभूमीच नाही असे आंबेडकरांनी गांधींना तोंडावर सांगितले. गांधींना मात्र त्या वेळी समोरचा माणूस अस्पृश्य समाजातला आहे हेच ठाऊक नव्हते, हे त्यांनी नंतर कबूल केले. बोलणाऱ्याच्या आयुष्याची जाणीव ऐकणाऱ्याला नसेल तर संवाद किती अर्धा राहतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

त्या भेटीत जे अपुरे राहिले ते पाच वर्षांनी कागदावर पुढे गेले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद आंबेडकरांना दिले. परंतु जातीचा आधार असलेली शास्त्रप्रामाण्याची श्रद्धाच, म्हणजे शास्त्रात लिहिले ते निर्विवाद मानण्याची वृत्ती, नष्ट केली पाहिजे हा त्यांच्या छापील भाषणातला विचार मंडळाला सोसवेना. काही भाग गाळावा अशी सूचना आली, तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे त्यांनी कळवले. परिषद रद्द झाली आणि भाषण ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील पुस्तक म्हणून त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केले. गांधींनी जुलै महिन्यात आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्याला उत्तर दिले, आठ आणे किंमत जास्त आहे, दोन किंवा निदान चार आणे ठेवावी, अशी सूचनाही त्यांनी केली, म्हणजे ज्या मताशी आपला विरोध आहे ते अधिकांच्या हाती जावे असे त्यांना वाटत होते. त्यांचा मुख्य मुद्दा असा की जात वेगळी आणि वर्ण वेगळा, आणि वर्ण म्हणजे वडिलोपार्जित व्यवसायाने पोट भरावे एवढाच नियम. दुसऱ्या आवृत्तीत (१९३७) आंबेडकरांनी गांधींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्यांखाली उत्तर दिले: जन्माने बनिया असलेल्या गांधींच्या पूर्वजांनी दिवाणगिरी केली, स्वतः गांधींनी तराजूऐवजी वकिली पत्करली, मग हा नियम पाळतो कोण? हा प्रश्न व्यक्तिगत वाटला तरी तो हीन पातळीचा नाही, कारण जो सिद्धांत माणसाच्या जन्माला व्यवसाय बांधतो त्याची परीक्षा सांगणाऱ्याच्या जन्मावरच व्हायला हवी. प्रतिपक्षाचा संपूर्ण मजकूर आपल्या पुस्तकात छापण्याची ही शिस्त त्या पुस्तकाच्या आशयाइतकीच मोलाची आहे.

युरोपात दूरचित्रवाणीने या प्रकाराला नवे रूप दिले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की आणि फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांची १९७१ मध्ये डच दूरचित्रवाणीसाठी जी चर्चा झाली, तिच्यात एक इंग्रजीत आणि दुसरा फ्रेंचमध्ये बोलत होता. माणसाच्या स्वभावात सर्जनशीलतेची गरज मुळातच आहे व न्याय्य समाज तिच्यावर उभारता येईल असे चॉम्स्की म्हणत होते, तर ‘मानवी स्वभाव’ आणि ‘न्याय’ या कल्पनाच आपल्या वर्गीय समाजाने घडवलेल्या आहेत असे फूको यांचे म्हणणे होते. बीबीसीवर ब्रायन मॅगी यांनी १९७८ मध्ये पंधरा संभाषणांतून तत्त्वज्ञान सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेले. पण त्या पंधरा जणांत स्त्री एकच, कादंबरीकार आयरिस मर्डॉक, आणि मालिकेच्या नावाचा अर्थच मुळी ‘विचारांचे पुरुष’ असा होता.

ही उणीव मराठीत दोन पुस्तकांनी फार वेगळ्या रीतीने भरून काढली. प्रतिभा रानडे यांच्या ‘ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी’ या पुस्तकात दुर्गा भागवत लोकसाहित्यापासून बौद्ध धर्मापर्यंत, पाककलेपासून आणीबाणीपर्यंत बोलतात, आणि १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध करणारी ही विदुषी स्वयंपाकघरातल्या ज्ञानालाही तेवढेच गंभीर मानत होती हे त्यातून उमगते. नावातले ‘ऐसपैस’पण इथे पद्धत म्हणून कामी येते, कारण विषयांची मर्यादा आधी आखून घेतली असती तर या दोन गोष्टींची सांगड दिसलीच नसती.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मात्र ‘विचारवंत’ या शब्दाचीच व्याप्ती वाढवते. लेखी साधनांत ज्यांना जागा नाही अशांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपणे म्हणजे मौखिक इतिहास. या पद्धतीने दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या, बहुतेक उतारवयात पोहोचलेल्या, स्त्रियांना गाठून बोलते केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेने घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधाचा ठराव केला होता, म्हणजे हिंदूंच्या विवाह, घटस्फोट व वारसा यांविषयीच्या कायद्यांत सुधारणा करू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावरून संसदेत वादळ उठण्याच्या कितीतरी आधी या बायका त्या प्रश्नाला हात घालून मोकळ्या झाल्या होत्या. तरीही स्त्रीमुक्तीच्या मराठी इतिहासात त्यांची नावे बरीच वर्षे आली नव्हती. पवार आणि मून स्वतः त्याच समाजातल्या व त्याच चळवळीतल्या असल्यामुळे समोरच्या बाईला आपली ओळख पटवून देण्याची गरज त्यांना पडली नाही, आणि मणिभवनातल्या त्या भेटीत नेमके जे नव्हते ते इथे पहिल्या प्रश्नाच्या आधीपासूनच होते.